विषय : ‘पहिल्या दहा सभासदांनाच चार्जर’ या परिपत्रकाचा फेरविचार करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारी लावलेलं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरबद्दलचं परिपत्रक वाचलं. ‘लोड शिल्लक नाही, सबब प्रथम अर्ज करणाऱ्या दहा सभासदांनाच चार्जर बसवण्याची परवानगी मिळेल’ असं त्यात म्हटलं आहे. समितीची अडचण मला समजते. गेल्या महिन्यात रात्री साडेआठला बी विंगचा मेन एमसीबी (जादा लोड झाला की वीज तोडणारा स्विच) पडला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. सगळ्या नजरा पार्किंगमधल्या गाड्यांकडे वळल्या, आणि त्यात काही चूक नव्हतं. पण त्यावर काढलेला उपाय मला पटत नाही. ज्याने आधी गाडी घेतली त्याला कायमची वीज आणि पुढच्या वर्षी घेणाऱ्याला कायमचा नकार, हे कुठल्या सर्वसाधारण सभेत टिकेल?

परिपत्रकातला हिशोब असा : 22 गाड्या, प्रत्येकी 7.2 किलोवॉटचा चार्जर, म्हणजे सुमारे 158 किलोवॉट. सगळे रात्री आठला घरी येऊन एकदम प्लग लावतील असं धरलं तर तो बरोबर आहे. पण रोज लागणारी वीज पाहा. शहरात गाडी दिवसाला सरासरी 40 किलोमीटर धरू. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जातात, चार्जिंगमधली घट धरून सात युनिट पुरतात. 22 गाड्यांचे 154 युनिट झाले. रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत ते वाटले, तर सरासरी लोड भरतो फक्त 22 किलोवॉट. त्यासाठी नवा ट्रान्सफॉर्मर कशाला? पाणी आपण विंगवार वेळा ठरवून सोडतोच, तसंच हे.

मग घड्याळ लावून मोकळं व्हावं, असं कुणी म्हणेल. ते पुरणार नाही. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीही घरोघरी एसी चालू असतात, आणि अकराच्या ठोक्याला 22 गाड्या एकदम चालू झाल्या तर एमसीबी पडायची वेळ तेवढी बदलेल. म्हणून मेन पॅनेलवर सीटी, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारा सेन्सर, बसवून एकूण लोड सतत मोजणारा कंट्रोलर हवा. इमारतीचा वापर वाढला की तो चार्जरना कळवतो आणि चार्जर गाडीला ‘आता एवढेच अँपिअर ओढ’ असा इशारा देतो. गाडी ते पाळते, कारण ही सोय मानक एसी चार्जिंगमध्ये मुळातच आहे. मात्र सहा अँपिअरच्या खाली जाता येत नाही, म्हणजे सुमारे 1.4 किलोवॉट. त्यामुळे 22 किलोवॉटच हातात असतील तेव्हा सगळ्यांना चिमूटभर देण्याऐवजी आठ गाड्यांना बारा-बारा अँपिअर द्यावेत, त्या झाल्या की पुढच्या घ्याव्यात. सकाळी कोण किती वाजता निघणार हे ॲपमध्ये भरलं की क्रम लागतो. सी विंगमध्ये दोघांच्या गाड्या टॅक्सी म्हणून चालतात, त्यांना पहाटे लवकर निघावं लागतं. त्यांचा नंबर आधी लागायला हवा. अचानक मुंबईला जायचं झालं तर ‘तातडी’चं बटण असावं, पण जादा दराने. फुकट ठेवलं तर रोज सगळ्यांनाच तातडी असेल.

चार्जर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ते ओसीपीपी (चार्जर आणि कंट्रोल करणारी यंत्रणा यांच्यातली सगळ्या कंपन्यांना खुली असलेली सामाईक भाषा) पाळणारे असावेत, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी भिंतीवरचे डबे भंगारात जाणार नाहीत. दुसरी, खालच्या बेसमेंटमध्ये नेटवर्क येत नाही. संपर्क तुटला की चार्जरने कमीत कमी अँपिअरवर यावं, पूर्ण जोराने सुरू होऊ नये. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी.

स्कूटरचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या सोबत येणाऱ्या चार्जरला कमी-जास्त करता येत नाही, फक्त चालू-बंद. त्यांच्यासाठी स्वतंत्र डीबी (वीज वाटपाची पेटी), आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि गटागटाने चालणारे टायमर पुरेत. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली लोंबणारं ते एक्स्टेन्शन बोर्ड मात्र आजच उतरवायला सांगा. त्याचं सॉकेट काळं पडलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

बिलाबद्दलही कुरकुर होणार. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. ती घेऊन प्रत्येक चार्जरला सबमीटर लावला, तर गाडी नसलेल्यांच्या मेंटेनन्सवर एक पैसाही चढणार नाही. रात्रीची वीज स्वस्त ही जुनी समजूतही आता तपासायला हवी. महावितरण 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत देतं ती सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापरावर. चार्जिंगच्या वर्गवारीत कुठल्या वेळेला काय दर आहे ते अर्ज करतानाच विचारून घ्यावं. दिवसाचा दर कमी निघाला, तर निवृत्त मंडळींच्या दुपारभर उभ्या असणाऱ्या गाड्या तेव्हाच उरकतील आणि रात्रीची रांग आखडेल.

माझी विनंती एवढीच : परिपत्रक तूर्त स्थगित करावं, तिन्ही विंगच्या मेन पॅनेलवर महिनाभर लोड नोंदवणारा लॉगर बसवावा आणि ते आकडे पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत. लॉगर भाड्याने मिळतो. बसवताना इलेक्ट्रिशियनबरोबर थांबायची माझी तयारी आहे, फक्त रविवार सकाळ ठेवा.

आपला विश्वासू,
एक सभासद, सी विंग
(अर्जदारांच्या यादीत माझा नंबर चौथा आहे, म्हणजे परिपत्रक लागू झालं तरी मला चार्जर मिळतोच.)