पदपराद्शा म्हणून विकलेले दोन नीलम: एकाचा रंग उतरला, दुसऱ्यात बेरिलियम

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या वर्णनाने विकलेल्या नीलमांच्या जोडीची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून आम्ही कानातल्यांसाठी पदपराद्शा, म्हणजे नारिंगी-गुलाबी छटेच्या, नीलमांची एक जोड वैयक्तिक वापरासाठी घेतली. पावतीवर दोन्ही खड्यांपुढे एकच वर्णन छापले आहे: नैसर्गिक, तापवलेला नाही, सिलोन, पदपराद्शा, कुशन घाट. वजने १.६२ आणि १.५८ कॅरेट. खडे सुटे आले आणि आजही सुटेच आहेत. आम्ही दोघांनीही रत्नपरीक्षणाचे शिक्षण घेतले आहे, त्यामुळे पुढे जे लिहीत आहोत ते तुमच्या तांत्रिक विभागाने पडताळून पाहावे, एवढ्या नेमकेपणाने लिहीत आहोत.

पुडी उघडली तेव्हा दोन्ही खडे रंगाने जुळत होते. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर काही काळ ठेवल्यावर जोड जुळेनाशी झाली. मोठा खडा गुलाबी झाला, धाकटा होता तसाच नारिंगी-गुलाबी राहिला. एकाच जातीचे, एकाच गुणाचे म्हणून विकलेले दोन खडे एकाच उजेडात असे वेगळे वागत असतील, तर त्यांचा रंग एकाच कारणाने आलेला नाही. तुमच्या ग्राहक सेवेने यावर ‘रंग ही ज्याच्या त्याच्या नजरेची बाब आहे’ असे उत्तर पाठवले. ते आम्हाला अजिबात मान्य नाही.

नजरेचा भाग किती, ते आधी सांगतो. गुलाबी आणि नारिंगी यांच्यातली सीमा कुठे आखायची, यावर चांगल्या प्रयोगशाळांचेही एकमत नसते. म्हणूनच रंग कोणत्या उजेडात पाहायचा याला महत्त्व आहे. दिवसाचा थेट ऊन नसलेला उजेड किंवा ५००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) प्रमाणित दिवा, मागे पांढरा किंवा करडा कागद, खड्याचे टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, वर, आणि खडा दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांपर्यंत कलवून पाहणे, ही रीत आहे. २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली साधा गुलाबी नीलमसुद्धा नारिंगीकडे झुकतो. तुमच्या संकेतस्थळावरच्या चित्रफितीत खड्याशेजारचा पांढरा चिमटा चक्क साईच्या रंगाचा दिसतो. म्हणजे दिवा पिवळा होता आणि कॅमेऱ्याने तो सावरला नव्हता. पुडीच्या आतला कागदही फिकट पिवळा होता. नारिंगी छटेचे खडे अशा कागदात देण्याची व्यापारात पद्धत आहे, हे ठाऊक आहे. पण मग रंगाचा निवाडा त्या कागदावर करता येत नाही. खडा उचलून पांढऱ्यावर ठेवला की निम्मी ऊब निघून जाते.

आता ज्यात नजरेचा काही संबंध नाही त्याबद्दल.

पदपराद्शामधला गुलाबी रंग क्रोमियमचा. त्यावर पिवळा चढला की नारिंगी-गुलाबी होतो. क्रोमियम बहुतेक वेळा भांडणाचे कारण नसते. तो पिवळा कुठून आला, हा खरा प्रश्न. तो लोहामुळे किंवा स्फटिकातल्या टिकाऊ रंगकेंद्रांमुळे (रचनेतल्या रंग देणाऱ्या सूक्ष्म दोषांमुळे) आला असेल तर खडा खरा. तो अस्थिर रंगकेंद्रांचा असेल तर उजेडात उतरतो. आणि तो भट्टीत बेरिलियम हे मूलद्रव्य आत मुरवून आणला असेल तर खडा कितीही देखणा असो, त्याला हे नाव लावता येत नाही. तुम्ही आम्हाला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा एकेक खडा पहिल्या प्रकारच्या दराने विकला.

१.६२ कॅरेटच्या खड्यात दुसरा प्रकार आहे. याची चाचणी अवघड नाही. खडा काही मिनिटे अतिनील दिव्याखाली ठेवला की अस्थिर रंगकेंद्रे जागी होतात आणि नारिंगी चढतो. मग तोच खडा काही तास प्रखर पांढऱ्या उजेडात ठेवला की तो नारिंगी उतरतो. शेवटी जो रंग उरतो तो खड्याचा टिकाऊ रंग, आणि अहवालात नाव त्यावरूनच द्यायचे असते. आमचा खडा अतिनील दिव्याखाली पुन्हा अगदी पुडीतून निघाला होता तसा नारिंगी झाला आणि उजेडात पुन्हा गुलाबी झाला. मादागास्करमध्ये अंबाटोंड्राझाका भागात २०१६ च्या सुमारास नवे नीलम निघू लागले. त्यानंतर असे रंग उतरणारे खडे बाजारात इतके आले की प्रयोगशाळांना या चाचणीवर मुद्दाम भर द्यावा लागला. त्यामुळे हे अचानक उद्भवले, असे एखाद्या रत्नकंपनीला म्हणता येणार नाही. हा रंग निसर्गतःच अस्थिर होता की किरणोत्साराने चढवलेला, या वादात आम्ही शिरत नाही. दोन्ही बाबतींत हातात उरतो तो गुलाबी नीलमच. गुलाबी नीलम म्हणून तो छान आहे, पण आम्ही दिलेले पैसे त्याचे नाहीत.

१.५८ कॅरेटच्या खड्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. तो डायआयोडोमिथेनमध्ये, म्हणजे सुमारे १.७४ वक्रीभवनांकाच्या (नीलमाच्या जवळपास प्रकाश वळवणाऱ्या) द्रवात, टेबल खाली करून बुडवला आणि खालून पसरट पांढरा उजेड दिला. पैलू जवळजवळ दिसेनासे झाले आणि कडेने सगळीकडून सारख्या जाडीची नारिंगी किनार दिसली. आतला गाभा गुलाबी आहे. नीलमातले नैसर्गिक रंगपट्टे स्फटिकाच्या वाढीनुसार सरळ आणि कोनात वळणारे असतात. कारागिराने खडा कसा कापला याच्याशी त्यांचे देणेघेणे नसते. येथे किनार गर्डलची (खड्याच्या कडेची) आणि पॅव्हिलियनची (खालच्या निमुळत्या भागाची) वळणे जशीच्या तशी पाळते. म्हणजे आकार देऊन झाल्यावर रंग बाहेरून आत गेला आहे. दहापट भिंगाखाली टेबलाच्या एका कोपऱ्याशी झिरकॉन या खनिजाचा एक कण दिसतो. त्याच्या कडा वितळून गोल झाल्या आहेत आणि भोवती काचेसारखी चकचकीत चकती पसरली आहे. झिरकॉनची अशी दशा साध्या तापात होत नाही. बेरिलियम मुरवण्यासाठी भट्टी १८०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावी लागते. ‘तापवलेला नाही’ हे तुमच्या पावतीवरचे शब्द या एका कणाने खोटे ठरवले आहेत.

सोबत आलेल्या तुमच्या प्रमाणपत्रात वक्रीभवनांक १.७६२ ते १.७७० आणि विशिष्ट गुरुत्व ४.०० दिले आहे. आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून खडा कुरुंद, म्हणजे नीलमाचे खनिज, आहे एवढेच कळते. बेरिलियम मुरवलेल्या नीलमाचे आकडे हेच येतात. भट्टीतून काढलेल्या कृत्रिम नीलमाचेही हेच येतात. नेहमीच्या क्ष-किरण उपकरणालाही बेरिलियम दिसत नाही, कारण हे मूलद्रव्य फारच हलके आहे. त्यासाठी लेझरने सूक्ष्म कण उडवून वस्तुमान मोजणारी किंवा त्याच तोडीची तपासणी लागते. किनार दिसली नाही म्हणून खडा निर्दोष, असेही नसते. लहान खड्यात बेरिलियम आरपार जाते आणि मग किनार उरतच नाही. ही फसवणूक नवीही नाही. २००१-०२ मध्ये थायलंडमधून असे नारिंगी-गुलाबी खडे मोठ्या संख्येने आले तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा बेरिलियम शोधत आल्या आहेत.

आम्ही दोन्ही खडे मुंबईतल्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतले. मोठ्या खड्याच्या अहवालात रंग अस्थिर, टिकाऊ रंग गुलाबी, असे आहे. धाकट्याच्या अहवालात बेरिलियमची प्रक्रिया नोंदवली आहे. दोहोंपैकी एकावरही पदपराद्शा हे नाव नाही. जगातल्या प्रमुख रत्नप्रयोगशाळांनी या नावासाठी जे समान निकष ठरवले आहेत त्यांत सौम्य, फिकट ते मध्यम गडद गुलाबी-नारिंगी छटा लागते. बाहेरचे मूलद्रव्य मुरवलेला, किरणोत्सार दिलेला, लेप लावलेला किंवा भेगांतल्या पिवळ्या मळाने रंग बदललेला खडा त्यांत बसत नाही. खाण श्रीलंकेतलीच हवी, अशी अट त्यांत नाही. म्हणून ‘सिलोन’ खरे की खोटे, हा आमच्या तक्रारीचा मुख्य मुद्दा नाही. पण त्या शब्दासाठी तुम्ही जादा दर लावला होता, याची नोंद घ्यावी.

सात दिवसांची परतीची मुदत संपली, असे तुमच्या दुसऱ्या उत्तरात आहे. ती मुदत मन बदललेल्या ग्राहकासाठी असू शकते. जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. दागिन्यावर हॉलमार्क मिळेल, हे तुमचे आश्वासनही येथे गैरलागू आहे. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नव्हे.

आमच्या मागण्या अशा: दोन्ही खड्यांची पूर्ण रक्कम, प्रयोगशाळेचे शुल्क आणि विमा उतरवून खडे पाठवण्याचा खर्च मिळावा. बदली खडे किंवा खरेदीची कुपने नकोत. याच वर्णनाचे जे खडे संकेतस्थळावर अजून दिसतात, त्यांची रंगस्थिरतेची आणि बेरिलियमची तपासणी होईपर्यंत ते विक्रीतून काढावेत. ही मागणी आम्ही पैशांइतक्याच आग्रहाने करत आहोत. असा खडा सोन्यात बसवून झाल्यावर द्रवात बुडवला तर किनार खडा धरणाऱ्या सोन्याच्या नख्यांआड दडते, आणि पाठीमागून बंद कोंदण असेल तर रंगाचाही अंदाज येत नाही. तोवर ग्राहकाच्या हातून सगळेच निसटलेले असते.

नियमानुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. खडे पाठवताना त्यांचे वजन, मापे आणि धाकट्या खड्यातल्या झिरकॉनचे भिंगातले छायाचित्र आम्ही पाकिटासोबत देऊ. खडे मिळाल्यावर तुमच्याकडून त्याच तपशिलाची लेखी पोच यावी, म्हणजे कोणते खडे परत आले यावर नंतर वाद राहणार नाही.

आपले विश्वासू,
दोन ग्राहक

सोबत: पावती, तुमचे प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचे दोन्ही अहवाल, मोठ्या खड्याची अतिनील दिव्यानंतरची आणि उजेडानंतरची छायाचित्रे, धाकट्याचे द्रवातले छायाचित्र.