गाणी किती मावतात ते राहू दे, बाकीचं पण बघा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरवर माहिती आली होती ती वाचली. विषय चांगला घेतलात, पण सगळा भर किती जीबी आणि किती हजार गाणी ह्याच्यावरच. 2001 साली ॲपलनं पहिला आयपॉड काढला तेव्हा 5 जीबीत हजार गाणी हे नवल होतं, आता तो आयपॉडच 2022 ला बंद झाला आणि आपण अजून जीबीच मोजत बसलोय. 128 केबीपीएसच्या, म्हणजे साध्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण 1 एमबी लागतोय, म्हणजे 8 जीबीत सुद्धा सव्वाशे तासाच्या वर गाणी बसतात. एवढं कोण ऐकणार आहे सांगा.

मी खानापूर तालुक्यातला, गावच्या भजनी मंडळात आहे आणि म्हाताऱ्या माणसांना मेमरी कार्डात अभंग-कीर्तन भरून द्यायचं काम आपसूक माझ्याकडंच येतंय. त्यामुळं कुठला प्लेअर कुठं अडतो ते बघायला मिळतंय. फोनवर सगळं असतंय की, असं शहरातले म्हणतात, पण कणकुंबी-जांबोटीकडं पावसात रेंज नाही, लाईट नाही, आणि ऐकताना मध्येच फोन वाजला की गेलं सगळं.

पहिली गोष्ट म्हणजे रिझ्युम. दीड तासाचं कीर्तन, तासभर ऐकून बंद केलं आणि परत चालू केलं तर जिथं थांबलं तिथनं लागायला पाहिजे का नको? बऱ्याच स्वस्त प्लेअरवर परत सुरुवातीच्या नमनापासनं लागतंय, मग पुढं ढकलायला बटण दाबून धरायचं आणि ते तर मुंगीच्या पावलानं सरकतंय. म्हातारा माणूस कंटाळून ठेवून देतो. पण बॉक्सवर ह्याच्याबद्दल एक अक्षर नसतंय, लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट स्क्रीन. गाण्याच्या फाईलमध्ये नाव, गायक असं लिहिलेलं असतंय त्याला टॅग म्हणतात, तो देवनागरीत असला की कित्येक प्लेअरवर नुसते चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. आणि आपल्याकडं एकाच कार्डात मराठी अभंग आणि कन्नड वचनं दोन्ही असतात, मग दोन्ही लिप्या दिसायला पाहिजेत की नाही? मी शेवटी इंग्रजी अक्षरात नावं घालून देतो, आणि ज्याला इंग्रजी वाचता येत नाही तो अंदाजानं बटण दाबत बसतो.

क्रमाचं तर विचारूच नका. बरेच साधे प्लेअर नावाप्रमाणं वाजवत नाहीत, कार्डात जी फाईल आधी कॉपी झाली ती आधी. हरिपाठाच्या आधी आरती लागली की मंडळी माझ्याकडं बघतात! म्हणून मी 01, 02 असे नंबर घालून त्याच क्रमानं एकेक कॉपी करतो, 1 आणि 10 असं लिहिलं तर कुठल्या कुठल्या प्लेअरवर 1 नंतर डायरेक्ट 10 लागतंय.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी अजून एक बघावं. कुमार गंधर्व आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, त्यांना ऐकणारी माणसं इथं कमी नाहीत. एकच मैफल दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेली असली की ट्रॅक बदलताना मध्येच क्षणभर गप्प होतंय, नेमकी समेवरची थाप गिळली जाते. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारा, असं लिहिलेला प्लेअर घेतला तर हा त्रास नाही. त्यापुढं फ्लॅकला, म्हणजे आवाजातलं काही न गाळता ठेवणाऱ्या मोठ्या फाईली वाजवणाऱ्या प्लेअरला, जास्त पैसे द्यायचे का? चांगला वायरचा इयरफोन असेल तर द्या, साध्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार असाल तर नको, तिथं जाताना ब्लूटूथ आवाजातलं थोडं गाळतंच.

एफएमबद्दल पण लिहायला पाहिजे होतं, कारण बहुतेक प्लेअरमध्ये इयरफोनची वायरच एरियलचं काम करते, ती काढली की नुसती खरखर. आणि धारवाड आकाशवाणीचं मीडियम वेव्ह, म्हणजे एफएमपेक्षा वेगळा जुना पट्टा, त्यावर लागणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता कार्ड. कार्डात फाईली मांडायच्या पद्धती असतात, 32 जीबीपर्यंतची कार्डं बहुतेक फॅट32 मध्ये येतात, 64 आणि त्याच्या वरची एक्सफॅटमध्ये, आणि जुना प्लेअर ती वाचतच नाही, मग लोक प्लेअर खराब म्हणून परत न्यायला निघतात. त्यात खोटी कार्डं वेगळीच. मी बाजारातनं एक स्वस्त 64 चं आणलं होतं, गाण्यांची नावं सगळी दिसायची पण थोडी गाणी झाल्यावर पुढची वाजेनात. नवीन कार्ड आणलं की पूर्ण भरून शेवटचं गाणं लावून बघावं, तिथंच पकडता येतंय.

टचपेक्षा बटणाचा घ्या हे तर मी सगळ्यांनाच सांगतो, चिखलाच्या हातानं, खिशातल्या खिशात दाबता आलं पाहिजे.

तेव्हा एक विनंती आहे. पुढच्या वेळी असं काही छापायच्या आधी एका कार्डात मराठी आणि कन्नड नावाच्या फाईली घाला, एक दीड तासाचं कीर्तन घाला, अर्ध्यात बंद करा, परत चालू करा आणि काय झालं ते छापा. दुकानदाराला विचारून नको, तुम्ही स्वतः लावून बघून.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव