आडव्या बाटलीचा हिशेब कोण मागणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई महापालिकेचा निकाल 16 जानेवारी 2026 ला लागला आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या चाळीतला एक मुलगा पिशवीभर बिले घेऊन दारात उभा. ज्या दादांचा प्रचार करत होता ते पडले, आणि खर्चाचा हिशेब लावायचे काम याच्या गळ्यात आले. मी 31 वर्षे पतपेढीत कॅशियर होते, त्यामुळे असली कामे फिरून फिरून माझ्याकडेच येतात. चहा, वडापाव, खुर्च्या, मंडप, रिक्षा, झेंडे, सगळ्याचे दर ठरलेले. वडापाव कुणी प्रेमाने फुकट दिले असले तरी दराप्रमाणे खर्चात धरायचे. मुंबईत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला 15 लाखांची मर्यादा, निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर, नाहीतर अपात्रतेची टांगती तलवार. दोन संध्याकाळी गेल्या, पण शेवटी जुळला. (कागदावर तरी. प्रत्यक्षात किती गेले ते दादांना आणि देवाला ठाऊक.)

ती बिले लावताना मला माझीच एक वही आठवली, दारूचे दुकान बंद करायच्या मोहिमेच्या हिशेबाची, आणि हे पत्र त्या वहीबद्दल आहे.

2019 साली आम्ही भांडुप पश्चिमेच्या डोंगराकडच्या वस्तीतल्या बायकांनी देशी दारूचे एक दुकान बंद करायचे मनावर घेतले होते. दुकान शाळेच्या वाटेवर. सकाळी सातला शाळेत निघालेल्या मुली पायरीवर आडव्या पडलेल्या माणसांना वळसा घालून जायच्या. गावाकडे 'आडवी बाटली' म्हणतात तो उपाय शहरातल्या प्रभागालाही लागू आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, एक्साइजवाले (राज्य उत्पादन शुल्क विभाग) सह्यांची पडताळणी करणार, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रे, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. आडवीला मते हवी होती ती नोंदणी झालेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. झालेल्या मतदानाच्या नव्हे.

गावात हे जमते. तिथे चार-पाचशे बाया असतात, पारावर जमतात, एकमेकींना ओढून आणतात. मुंबईचा प्रभाग म्हणजे एक अख्खे तालुक्याचे गाव. मुंबईत एक कोटीच्या वर मतदार आणि प्रभाग 227, म्हणजे सरासरी पंचेचाळीस हजार आले. आमच्याकडे तेव्हा 18,000 च्या वर महिला मतदार होत्या. साडेचार हजार सह्या नुसत्या मतदानाची मागणी करायला, आणि ते झालेच तर नऊ हजारांवर बायका घराबाहेर काढायच्या! एवढे काम पैशाशिवाय होत नाही. अर्जांच्या झेरॉक्स, मतदार याद्यांच्या प्रती, रिक्षा, चहा. खजिनदार अर्थातच मी.

वही अजून माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या बाजूला बहुतेक नोंदी 10, 20, 50 च्या. काही बायकांनी नाव लिहू नका म्हटले, कारण नवरा त्याच दुकानात बसणारा. मी तिथे 'गल्ली नं. 4, एक बहीण' असे लिहीत गेले. एकूण जमा 38,470.

समोरच्या बाजूने किती खर्च झाला त्याची वही कुणाकडेच नाही. आम्ही 4,912 सह्या दिल्या होत्या. पडताळणीला सह्या करणाऱ्यांनी ओळखपत्र घेऊन हजर राहायचे होते. तारीख जाहीर झाली आणि तीन दिवसांत वस्तीत बातमी आली, शिर्डीची बस, फुकट, महिलांसाठी खास, जेवणासह. त्याच तारखेची. पहाटे साडेपाचला मी स्वतः पाच बस मोजल्या. पुढच्या काचेवर मोगऱ्याच्या माळा, मागे कसलाही बॅनर नाही. मी एका ओळखीच्या बाईला विचारले, कोण नेतेय गं? ती म्हणाली, 'साईबाबा नेतायत मावशी, मला काय माहीत.' सह्या कमी भरल्या, अर्ज निकाली निघाला. मतदानाची वेळच आली नाही.

बसचे भाडे दुकानवाल्याने दिले असे मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. माझे म्हणणे इतकेच, की ते कुणी दिले हे विचारायचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही. नगरसेवकाच्या वडापावाचा हिशेब आहे, बाटलीच्या मतदानातल्या पाच बसचा नाही. आणि निम्म्याहून जास्त मते एकूण नोंदणीतली लागणार असतील, तर उभ्या बाटलीच्या बाजूला प्रचार करायचीसुद्धा गरज नाही. बायका त्या दिवशी घरात नाहीतर बसमध्ये राहिल्या की काम झाले.

आता माझी चूक. वहीच्या अकराव्या पानावर एक नोंद आहे: 'एक हितचिंतक, 11,000 रोख.' एक गृहस्थ पाकीट घेऊन घरी आले होते, कार्य चांगले आहे, माझे नाव नको म्हणाले. मी घेतले. दहा-वीसच्या नोटा मोजून बोटे काळी झाली होती, अकरा हजार पाहून बरे वाटले हे खोटे कशाला सांगू. वर्षभराने कळले की पुढच्या गल्लीतल्या परमिट रूममध्ये त्या गृहस्थांची भागीदारी आहे. आमचे दुकान बंद झाले असते तर निम्मे गिऱ्हाईक कुठे गेले असते ते सांगायला नको. दारूविरुद्धच्या वहीत दारूचाच पैसा, आणि खाली सही माझी.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. 2022 मध्ये तिच्या गावात शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे की नाही यावर मतदान होते, आणि ती 'हो' म्हणणाऱ्या समितीची खजिनदार होती. फोनवर आमच्या गप्पा म्हणजे दोन कॅशियरच्या गप्पा. तिथे स्थानिक मतदानासाठी सुद्धा वर्षात 2,000 डॉलर जमले की समितीची नोंदणी करावी लागते आणि खजिनदार नसेल तर एक पैसा घेता किंवा खर्चता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त डॉलर देणाऱ्याचे नाव, पत्ता, धंदा आणि तो कुठे नोकरी करतो, सगळे जाहीर. शंभराच्या खालचे नुसत्या एकत्र आकड्यात, म्हणजे माझ्या 'गल्ली नं. 4'च्या बहिणी तिथेही झाकलेल्याच राहिल्या असत्या. मतदानाआधीच्या 90 दिवसांत कुणी हजार डॉलर दिले तर 24 तासांत कळवायचे. रोख शंभर डॉलरला तर हातच लावायचा नाही. मी तिला माझ्या हितचिंतकाची गोष्ट सांगितली तर ती हसत म्हणाली, 'मावशी, आमच्याकडे निनावी शंभर डॉलर आले की ते सरळ सरकारी तिजोरीत भरावे लागतात.' अकरा हजार म्हणजे तेव्हाचे दीडशे डॉलर. माझे पान अकरा तिथे चाललेच नसते.

तिथला सगळा कारभार आदर्श आहे असे नाही. अशा मतदानात देणगीला कमाल मर्यादाच नाही, 1981 मध्ये बर्कलेच्या एका खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. ज्याच्याकडे आहे तो लाखोंनी ओततो. पण ओतणारा कोण हे मत देण्याआधी लोकांना दिसते. आपल्याकडे 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले ते याच मुद्द्यावर, की पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळायला हवे. मग बाटलीच्या मतदाराला का नको?

म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे माझी मागणी आहे. 2008 च्या आदेशात एका पानाच्या नमुन्याची भर घाला. सह्यांचा अर्ज दाखल झाला की दोन्ही बाजूंनी एकेक खजिनदार नेमायचा. पाच हजारांवरच्या प्रत्येक देणगीचे नाव लिहायचे, आणि त्याखालचे मुळीच नाही, कारण आमच्या बायकांना त्याच नवऱ्याच्या घरी राहायचे असते. पडताळणीच्या आणि मतदानाच्या आठ दिवस आधी तो कागद वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावायचा. निवडणुकीसारखा निकालानंतर 30 दिवसांनी नको, तेव्हा त्याचा उपयोग फक्त रद्दीवाल्याला. आणि खर्चाच्या रकान्यांत 'सहल' असा एक रकाना जरूर ठेवा.

मार्च 2025 मध्ये विधानसभेत सांगण्यात आले की सोसायटीच्या गाळ्यात नवे दारू दुकान यायचे तर सोसायटीची ना-हरकत लागेल. चांगले आहे. पण आमच्या डोंगरावर सोसायट्या नाहीत आणि दुकान जुने आहे. आम्हाला उरतो तो बाटलीचाच मार्ग. नव्या याद्या आल्यात, बायका पुन्हा विचारू लागल्यात. जुन्या वहीत 640 रुपये शिल्लक आहेत. मी अट घातली आहे की या वेळी वही पहिल्या दिवसापासून नाक्यावरच्या फलकाशेजारी टांगायची, अकरावे पान उघडे ठेवून. दोघी-तिघींना ते पटलेले नाही. रविवारी बैठक आहे.

आपली,
एक निवृत्त कॅशियर, भांडुप (प.), मुंबई
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबतच्या कागदावर दिला आहे.)