नारिंगी-पिवळी कानटोपी

हिल्सबरो, ऑरेगन
रविवार, रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, व्हॉट्सअॅपवर मी जरा लांब काही लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा दाखवून मोकळे होता. म्हणून आज कागद घेतलाय. आई, तुझं काम शेवटी आहे, तोवर चष्मा काढू नकोस.

काल पोर्टलंडला एका मैत्रिणीकडे गेले होते. आम्ही सातजण, धड न चालणारा हीटर, कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला चार डीव्हीडींचा डबा, आणि रात्री दीडपर्यंत भांडण. कशावरून, तर 2002 साली बंद पडलेल्या 'फायरफ्लाय' नावाच्या मालिकेवरून. हसू नका. तुम्ही आणि शिंदेकाका अजून त्र्याऐंशीच्या फायनलवर भांडता, ते चालतं ना?

गोष्ट पाचशे वर्षांनंतरची. माणसं दुसऱ्या ग्रहांवर जाऊन राहिलीत. तिथे यादवी झाली आणि आपला कॅप्टन, माल रेनॉल्ड्स, हरलेल्या बाजूने लढलेला. त्या बाजूच्या सैनिकांचे कोट तपकिरी, म्हणून या मालिकेचे चाहते स्वतःला 'ब्राउनकोट' म्हणवतात. आता तो 'सेरेनिटी' नावाच्या खटारा मालवाहू जहाजावर मिळेल ते भाडं मारतो, चोरीचा मालसुद्धा. परग्रहावरचे हिरवे प्राणी नाहीत. अवकाशात स्फोट झाला तरी आवाज नाही, कारण तिथे हवाच नाही. एका खेपेला तर जहाजात गुरं भरलेली. मला थेट बाजारच्या दिवशीची आपली जतची गाडी आठवली.

पण बाबा, ही मालिका मी तुमच्यामुळे बघायला लागले. जहाजाची मेकॅनिक एक मुलगी आहे, केली. ती आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखते. तिला नोकरी कशी लागते, तर आधीचा मेकॅनिक आठवडाभर जे शोधत बसलाय, ते ती इंजिनाखाली आडवी पडल्यापडल्या सांगते. (ती मुळात इंजिनरूममध्ये कशाला आली होती, ते वडलांना लिहिण्यासारखं नाही.) त्याच भागात एक हाताएवढा पार्ट तुटतो, इंजिन बंद, हवा संपत चाललेली, आणि मदतीला मैलोन्मैल कोणी नाही. हा पार्ट बदला म्हणून ती आधीपासून कॅप्टनच्या मागे लागलेली असते. "दोन रुपयाच्या वायसरसाठी दोन लाखाची गाडी उभी" हे तुमचं वाक्य मी बाकीच्या सहाजणांना इंग्रजीत करून सांगितलं. सगळ्यांना पटलं.

मालिकेचं पुढे वाटोळं झालं. जहाज आणि माणसं यांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग फॉक्स वाहिनीने बाजूला ठेवला आणि सुरुवात केली आगगाडीवरच्या दरोड्याने. बाकीचे भागही उलटसुलट क्रमाने दाखवले. तो पहिला भाग लागला डिसेंबरात, तोवर मालिका बंद करायचं ठरूनही गेलेलं. म्हणजे बारशाचं आमंत्रण दहाव्याला. चौदा भाग तयार होते, त्यांतले अकराच दाखवले.

पुढच्या वर्षी डीव्हीडी आल्या आणि त्या इतक्या खपल्या की दुसऱ्या स्टुडिओने, युनिव्हर्सलने, चित्रपट काढला. 'सेरेनिटी', सप्टेंबर 2005. सुमारे 3.9 कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून तिकिटांचे 4 कोटींच्या आसपास. त्यातला थिएटरवाल्यांचा वाटा काढा, हिशोब तुम्हाला कळतो. पुढचा चित्रपट आलाच नाही. पण स्टीव्ह स्वान्सन नावाचा अंतराळवीर 2007 साली मालिकेच्या आणि चित्रपटाच्या डिस्क अवकाशस्थानकावर घेऊन गेला. थिएटरात नसेल चाललं, खऱ्या अवकाशात तर पोचलं.

कालचं पहिलं भांडण वॉशवरून. वॉश म्हणजे जहाजाचा पायलट. आपल्या ड्रायव्हरसमोर गणपती असतो, तसे याच्यासमोर प्लास्टिकचे डायनासोर. चित्रपटात तो मोडकं जहाज कसंबसं जमिनीवर टेकवतो, हुश्श करतो, आणि त्याच क्षणी काच फोडून आलेला भाला त्याच्या छातीतून आरपार. माझ्या शेजारचा दाढीवाला म्हणाला, हे हवंच होतं, त्यानंतर कोणीही मरू शकतं असं वाटतं आणि पुढची मारामारी खरी होते. यजमानीण म्हणाली, हा निव्वळ धक्क्यासाठी दिलेला धक्का. मी तिच्या बाजूने. सुखरूप पोचल्यावर ड्रायव्हरला मारणं मला अजून पटत नाही.

दुसरं भांडण मात्र हळू आवाजात झालं. मालिका आणि चित्रपट दोन्ही जॉस व्हीडनचे. खमक्या बायकांच्या गोष्टी सांगणारा माणूस म्हणून त्याचं केवढं नाव! 2006 साली इथल्याच, पोर्टलंडच्या, चाहत्यांपासून एक प्रथा सुरू झाली: जूनमध्ये त्याच्या वाढदिवसाच्या सुमाराला 'सेरेनिटी'चे खेळ लावायचे आणि पैसे 'इक्वॅलिटी नाउ' या बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेला द्यायचे. ही संस्था त्याच्या जवळची म्हणून तीच निवडली. पुढे शहराशहरांत हे पसरलं. मग 2020-21 मध्ये त्याच्याबरोबर काम केलेले नट-नट्या बोलायला लागले. करिस्मा कार्पेंटरने सांगितलं की गरोदरपणात तिला त्याने वाईट वागवलं. हे त्याच्या दुसऱ्या मालिकेच्या वेळचं. पुढे एका मुलाखतीत त्याने बरंचसं नाकारलं.

यजमानीणबाईंनी त्या खेळांसाठी कित्येक वर्षं दारात बसून तिकिटं फाडलीत. तिच्याकडे त्याच्या सहीचं पोस्टर होतं. काल भिंतीवर नुसता फिकट चौकोन दिसला. मी विचारलं तर म्हणाली, कपाटामागे ठेवलंय, टाकवत नाही आणि बघवतही नाही. दाढीवाला म्हणाला, केली केलीच आहे, तिने काय कुणाचं केलंय? कोणी उत्तर दिलं नाही. मग तिनेच चौथी डिस्क लावली.

बाबा, तुम्ही तीस वर्षं गाड्यांखाली आडवे पडलात. चासी कोणी बांधली, तो माणूस कसा होता, हे कधी डोक्यात आलं का? आलं असेल तर फोनवर सांगा. अंगठा नको.

आता आई. जहाजावर जेन नावाचा एक आडदांड बंदूकवाला आहे. एका भागात त्याला आईचं पत्र येतं, सोबत तिने विणलेली कानटोपी. नारिंगी-पिवळी, वर गोंडा, भयंकर दिसते. तो ती लगेच घालतो आणि मिरवतो. टीव्हीवर न दाखवलेल्या तीन भागांतला तो एक. तरी ब्राउनकोट मंडळींनी तशा टोप्या स्वतः विणून विकायला काढल्या. 2013 साली मालिकेचा रीतसर परवाना घेऊन केलेली टोपी बाजारात आली आणि या विणणाऱ्यांना नोटिसा गेल्या. तुला कोणी नोटीस पाठवणार नाही, तू विकत कुठे देतेस!

तर मला तशी एक हवी. कान पूर्ण झाकले पाहिजेत, इथे नोव्हेंबरपासून पाऊस मागे लागतो. लोकर टोचणारी नको. डोक्याचा घेर बावीस इंच, सुतळीने मोजलाय, सुतळी पाकिटात आहे. गोंडा जरा मोठाच कर.

तुमची,
चिमी