शिकवणीची फी

डोंबिवली

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "विद्या विकायची नसते." तेवढ्यात माझी सातवीची बॅच दारात चपला काढायला लागली आणि बोलणं तिथेच राहिलं. तसंही फोनवर मला असलं काही धड बोलता येत नाही. आई, बाबांच्या डोळ्यांत अजून थेंब चालू असतील तर हे तूच त्यांना वाचून दाखव. मधली वाक्यं गाळायची नाहीत.

बाबा, तुम्ही पडवीत चौथीच्या पोरांना स्कॉलरशिपसाठी बसवायचात, ते मला लख्ख आठवतंय. कुणाकडून एक पै घेतली नाहीत, वर आईचे पोहे. पण त्या फुकट शिकवण्यामागे जिल्हा परिषदेचा पगार होता, आता पेन्शन आहे. नोकरीतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही, हे तर आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, कलम २८. ते मला पटतंही. वर्गात अर्धं शिकवायचं आणि उरलेलं घरी पैसे घेऊन, हे वाईटच. पण मी नोकरीत कुठे आहे? शिक्षक पात्रतेची टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरून झाले. मधल्या त्या विनाअनुदानित शाळेचं तुम्हाला ठाऊक आहे. पगार तीन-तीन महिने तुंबायचा, हातात निम्मा पडायचा आणि सही पूर्ण रकमेवर. तेव्हा मात्र तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगायचात, "बेबी शाळेत आहे." आता त्याच्या दुप्पट मिळवते, तर काकांना सांगता, "घरीच असते."

काम काय करते ते एकदा सांगतेच. सहावी-सातवीची ही पोरं म्हणजे लॉकडाऊनमध्ये पहिली-दुसरी मोबाइलवर काढलेली. पाढे म्हणतात, पण हातच्याची वजाबाकी आली की हात थांबतो. त्यात बहुतेक जण सेमी-इंग्रजीचे, म्हणजे गणित इंग्रजीतून. एकाला नफा-तोट्याचं गणित जमत नाही अशी आईची तक्रार होती. मी तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवलं, तर पठ्ठ्याने तोंडी उत्तर दिलं. त्याला गणित येत होतं, पुस्तकातली इंग्रजी वाक्यं उलगडत नव्हती. पन्नास-साठ पोरांच्या वर्गात बाईंना हे कळणार कसं? त्यांना मी दोष देत नाही.

मागच्या आठवड्यातली गंमत. एका मुलीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. वर वरची बेरीज, खाली खालची, अक्षर मोत्यासारखं. लसावि काढ वगैरे काही मी बोलले नाही. विचारलं, "२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" तिने बोटांवर हिशेब केला. पाचाचे अर्धे अडीच, दोन त्याहून कमी. "कमी," म्हणाली. मी म्हटलं, "मग अर्ध्यात भर घातली आणि ते कमी कसं झालं?" पोरगी वहीकडे बघतच राहिली. बाकीच्यांची उदाहरणं तपासून झाली तरी ती तिथेच. मग स्वतःच खोडलं आणि म्हणाली, "टीचर, ही रीतच चुकीची आहे." रीत चुकीची! उत्तर चुकलं, असं नाही म्हणाली. बाबा, तुम्ही असता तर तिला खडू बक्षीस दिला असतात.

आता फीचं. महिन्याला आठशे घेते. समोरच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलाला आधी फुकट शिकवत होते, तुमच्यासारखंच. त्या ताई मला बघितलं की पदर सावरत बाजूने निघून जायच्या. मुलाचं कसं चाललंय, हे एकदाही विचारलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी हट्टाने तीनशे रुपये हातात ठेवले, आणि आता दर शनिवारी दारात उभ्या असतात: चाचणीत किती पडले, कमी का पडले, भूमितीचं काय, तुम्ही ओरडत का नाही त्याला. अक्षरशः घाम काढतात. फुकट शिकणाऱ्याच्या आईला जाब विचारता येत नाही, बाबा. पडवीत येणाऱ्यांपैकी कुणाचे आईवडील तुम्हाला कधी काही विचारायला आले होते का? मला तरी कुणी आठवत नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. सीनियर केजीच्या पोरांना घेऊन आया येतात, त्यांना मी परत पाठवते. शाळेचे प्रकल्प करून द्या म्हणणाऱ्यांनाही. चौकातल्या मोठ्या क्लासच्या बोर्डावर पहिल्या आलेल्यांचे फोटो झळकतात, मग मला विचारतात, "तुमच्याकडे गॅरंटी काय?" जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका असं सांगितलं खरं, पण ते पन्नासहून जास्त मुलं असलेल्या क्लासना. माझ्या सोळा डोक्यांची दखल दिल्लीने कशाला घ्यावी! आता आठवीला पुन्हा नापास करायला लागल्यापासून तर आयांचा जीव आणखीच टांगणीला लागलाय. मुलं बिचारी शाळा, मग कराटे, मग मी, अशी जांभया देत येतात. जांभई देणाऱ्याला मी दहा मिनिटं काहीच शिकवत नाही. पाणी दे, खिडकीतून लोकल मोजू दे.

तर एवढंच म्हणणं आहे, की काकांनी पुन्हा विचारलं तर "बेबी शिकवण्या घेते, गणिताच्या" असं सांगा. फीही सांगितली तरी चालेल.

सहामाही संपली की मी चार दिवस येते. आई, मेतकूट करून ठेव, इथलं विकतचं नुसतं पिवळं असतं. बाबांचा चष्म्याचा नंबर परत तपासून घ्या आणि तुमच्याकडची ती जुनी कोडी-कूटप्रश्नांची वही शोधून ठेवा. झेरॉक्स काढून घेईन.

तुमची,
बेबी