गेरूतलं वादळ

कॅनबेरा, १२ जुलै

प्रिय सुन्या,

थंडीने बोटं आखडलीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. रविवारी इथल्या नॅशनल गॅलरीत गेलो होतो. एका चित्रापुढे पाऊण तास गेला आणि सारखी तुझी आठवण येत होती.

एलिमेंटरीच्या परीक्षेत आपण काढलेलं निसर्गचित्र आठवतं? दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. तुला ए ग्रेड, मला सी. या चित्रात त्यातलं काहीच नाही. क्षितिजसुद्धा नाही. तपकिरी-लाल मातीतून काळाकुट्ट पट्टा रुंदावत आलाय, कडेने पांढरे ठिपके. नाव ‘सायक्लोन ट्रेसी’, साल १९९१, चित्रकार रोव्हर थॉमस, इथला आदिवासी. मी इतका वाकलो की पहारेकरी खाकरला! पण सुन्या, रंग अक्षरशः खरबरीत होता. आपण कुंड्यांना फासतो तो गेरूच की! पिवळा म्हणजे आपली पिवडी, काळा कोळशाचा. दगड कुटायचा, वाटायचा, पाण्यात कालवायचा आणि धरून राहावा म्हणून त्यात झाडाचा डिंक.

हा माणूस जन्मला वाळवंटात, कॅनिंग स्टॉक रूट या गुरं हाकत नेण्याच्या वाटेवरच्या एका विहिरीपाशी, साधारण १९२६ साली. उभी हयात गोऱ्यांच्या कुरणांवर गुरं राखली. एकदा घोड्याच्या टापेने डोक्याची कातडी फाटली, तर स्वयंपाक करणाऱ्या क्वीनी मॅकेंझीने सुईदोऱ्याने टाके घातले. पुढे तीही नावाजलेली चित्रकार झाली. मातीतून असे गुलाबी, जांभळट रंग काढायची की बघत राहावं. १९६८नंतर आदिवासी गुराख्यांना बरोबरीची मजुरी द्यायची वेळ आली, तेव्हा कित्येक मालकांनी त्यांना हाकलूनच दिलं. वॉर्मुनसारख्या वस्त्या त्यातूनच फुगल्या. रोव्हर तिथेच राहिला, म्हणजे परक्या मुलखात. ती भूमी गिजा या दुसऱ्या आदिवासींची.

१९७४च्या नाताळात याच ट्रेसी चक्रीवादळाने उत्तरेकडचं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं. वडीलधाऱ्यांनी अर्थ लावला: हा त्यांच्या पुराणकथांतल्या इंद्रधनुषी सर्पाचा कोप आहे, आपण आपले विधी विसरत चाललोय. त्याच सुमारास रोव्हरच्या नात्यातली एक बाई मोटार अपघातात जखमी झाली आणि विमानातून नेताना वाटेतच वारली. मग ती त्याच्या स्वप्नात येऊन आपल्या आत्म्याचा परतीचा प्रवास सांगू लागली, एकेका ठिकाणाचं एकेक गाणं. त्यातून क्रिल क्रिल हा विधी उभा राहिला. नाचणारे खांद्यावर रंगवलेल्या फळ्या घेत. सुरुवातीला त्या फळ्या त्याचा मामा पॅडी जमिंजी रंगवायचा. रोव्हरने स्वतः कुंचला धरला तेव्हा पन्नाशी उलटली होती. १९९०मध्ये त्याची चित्रं व्हेनिसच्या बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात गेली.

म्हणजे ते चित्र खरं तर वाट आहे. वरून पाहिलेला नकाशा म्हणावा, तर त्यात वारलेली बाई चालतेय, सापही आहे. आणि रंग त्याच मुलखातला. मला वारली आठवली खरी, गेरूची भिंत म्हटल्यावर आठवणारच, पण ती तुलना फार लांब जात नाही. वारलीत माणसं दिसतात. इथे माणूस काढलेलाच नाही.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरलं. त्याचं एक पावसाचं चित्र याच गॅलरीने २००१च्या लिलावात ७,७८,७५० डॉलरला घेतलं. तो १९९८मध्येच गेला होता. फेरविक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा आला २००९ला. काय बोलायचं!

घरी आल्यावर मीही कागद घेतला. म्हटलं, तुमच्या वाड्यापासून नदीपर्यंतची वाट काढू, डोंगर उभे न करता, वरून. मारुतीपर्यंत हात सरसर चालला. पुढे ओढा ओलांडल्यावर वाट कुठे वळते ते काही केल्या आठवेना. अर्धा कागद कोराच राहिला. तू अजून तिथेच आहेस, तूच काढून पाठव. आणि ते शेवग्याचं झाड कुठल्या हाताला होतं, तेवढं आधी फोनवर सांग.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या