चिपळूणच्या चाचांना, गाडीची किल्ली खिशात टाकल्याबद्दल

चाचा, नमस्कार.

मी ती सांगलीची बाई. पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर, आत पलंग आणि सिंक, मे महिन्यात दोन दिवस तुमच्या अंगणात पडून होती ती. तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे माहितीये, पण धाकटा वाचून दाखवेल, आणि नाही दाखवलं तरी मला लिहायचंच होतं, कारण निघताना मी नुसतं "येतो आम्ही" म्हणून गाडीत बसले, नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, खरं सांगायचं तर तोपर्यंत पोटात राग शिल्लक होता माझ्या.

कुंभार्ली घाट उतरताना काय झालं ते तुम्हाला मी धडपणे सांगितलंच नव्हतं. गाडी मीच चालवत होते. कोयनानगर सोडेपर्यंत सगळं ठीक, उतार लागला, तिसरं-चौथं वळण असेल, पेडल दाबलं तर ते रोजच्या जागी थांबेचना, पार खाली गेलं आणि समोर डॅशबोर्डवर लाल दिवा. ब्रेक लागतच नव्हते असं नाही, लागत होते पण उशिरा आणि मनाविरुद्ध लागल्यासारखे. मग सेकंड, मग फर्स्ट, इंजिनच्या ताकदीवर गाडी धरून ठेवली, ह्यांनी हँडब्रेक हातात घेतला आणि मी "आता" म्हटलं की ओढायचे, मागं सासूबाईंची रामरक्षा सुरू, आणि आमचा दहा वर्षांचा पोरगा मात्र मजेत, त्याला वाटलं आई मुद्दाम अशी चालवतेय. पोफळीला सपाटी लागली तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. तिथल्या रिक्षावाल्या दादांनी तुमचा नंबर दिला, त्यांचेही आभार.

तुम्ही स्कूटरवर आलात, एक छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन. रस्त्यावरच झोपून खाली बघितलंत, बोट फिरवलंत, वास घेतलात आणि पहिलं वाक्य काय तर "क्रेन बोलावतो." मी म्हटलं, अहो पुढचे ब्रेक लागतायत की, हळूहळू आणते. तुम्ही म्हणालात, पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरात दोन खोल्या असतात ताई, मागच्या चाकांची एक, पुढच्या चाकांची एक, मागची रिकामी झाली म्हणून पुढचीनं तुम्हाला खाली आणलं, आता पुढचीसुद्धा फुटायची वाट बघायची का? यावर काय बोलणार. तरी क्रेनचे पैसे ऐकून मी बोललेच दोन शब्द. ते मनावर घेतलं नसेल अशी आशा आहे.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता, त्यासाठीच तर निघालो होतो. मी सांगलीच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो म्हणाला त्यात काय एवढं, मागच्या ब्रेकची लाईन डेड करून टाका, ऑइलच्या नळीच्या तोंडाला बोल्ट मारा, पुढच्या ब्रेकवर आरामात जाल, परत आल्यावर बघू. मी तो फोन मोठ्या हौसेनं तुमच्या हातात दिला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, एकदाही मध्ये बोलला नाहीत, फोन परत दिलात, गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात टाकलीत, खिशाचं बटण लावलंत आणि नमाजाला निघून गेलात.

एवढा संताप झाला होता माझा! ह्यांना आणि सासूबाईंना एसटीनं पुढं पाठवलं, मी आणि पोरगा थांबलो, कारण गाडी माझी, माझ्या पैशांची, तिला अनोळखी अंगणात सोडून जायला जीव होईना. भाचीनं अंगठी घातली तेव्हा मी तुमच्या फणसाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुमच्याकडे खाऊ की गिळू बघत होते.

तुम्ही परत आल्यावर एक शब्द न बोलता गाडी जॅकवर घेतलीत, चासीखाली लाकडी ओंडके सरकवलेत (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, हे पोराला तीनदा सांगितलंत) आणि मला म्हणालात, ताई, साडी नाहीये ना, ड्रेस आहे, मग या खाली. सगळ्या आयुष्यात गाडीखाली कधी गेले नव्हते. वर सगळं काळं कुळकुळीत, आधीच्या मालकानं डांबरासारखं कोटिंग मारलेलं, मी तर ते बघूनच गाडी घेतली होती, म्हटलं काय छान ठेवलीये. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ते कोटिंग जरासं खरवडलंत आणि खालून विटकरी रंगाचे पापुद्रेच सुटले, शिळ्या खारीचे सुटतात तसे. मग पक्कडीनं नळी नुसती चिमटीत धरलीत आणि ती कट्ट करून मोडली. जिथून गळत होती तिथून हातभर लांब, जिथं काही झालंच नव्हतं तिथं. बोल्ट मारून मी फक्त गळकी जागा बंद केली असती, आणि त्याच कोटिंगखाली पुढच्या चाकांच्या नळ्याही होत्या.

तेव्हा तुम्ही सांगितलेलं अजून डोक्यात आहे, की टायरमध्ये साठ पाउंड हवा भरतो आपण आणि घाबरून लांब उभे राहतो, आणि ह्या ४.७५ मिलिमीटरच्या नळीत जोरात ब्रेक मारला की हजाराच्या वर पाउंड प्रेशर असतं, आणि तिचा पत्रा किती जाड, तर मिलिमीटरसुद्धा नाही. त्यातला अर्धा गंजानं खाल्ला तर उरलं काय.

पण सगळ्यात लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. नळी सगळ्यात जास्त कुठं कुजलेली, तर डाव्या बाजूला चासीवरच्या एका क्लिपपाशी, आणि बरोब्बर तिच्या डोक्यावर आमच्या सिंकचं भोक. ते भोक आम्हीच पाडलेलं, लॉकडाऊननंतर गाडी कॅम्पर करताना, ड्रिल घेऊन मोठ्या उत्साहात. म्हणजे समुद्रावर गाडी लावायची, बांगडे आणायचे, मीठ-हळद चोळून ठेवायचे, मग धुवायचे, आणि ते सगळं खारट पाणी थेंब थेंब ब्रेकच्या नळीवर, क्लिपमध्ये वाळू आणि माती अडकलेली, ती कायम ओली. मी आधीच्या मालकाला शिव्या घालत होते, रत्नागिरीकडं समुद्राकाठी गाडी उभी करायचा म्हणून. तुम्ही सिंककडं एकदा वर बघितलंत, नळीकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि मिशीत हसलात फक्त. शिवाय इन्व्हर्टरच्या बॅटरीची वायर आम्ही टाय मारून त्याच नळीला बांधली होती. तो टाय तुम्ही कापलात तेव्हा वायरचं कव्हर एका जागी घासून पातळ झालेलं दिसलं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

आणि हो, त्याआधी दोन महिन्यांत मी दोनदा ब्रेक ऑइल टॉप-अप केलं होतं. स्वतः! यूट्यूबवर बघून! कौतुकानं सगळ्यांना सांगितलंही. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही कपाळाला हात लावलात. ऑइल उडून जात नाही ताई, लायनर झिजले तर पातळी थोडी उतरते, त्यापेक्षा जास्त उतरलं तर ते कुठंतरी गळतंय. सांगलीच्या वर्कशॉपमध्येही सर्व्हिसिंगला त्यांनी भरून दिलं होतं आणि बिलावर "ब्रेक ओके" लिहिलेलं, तिथं कोणी खाली वाकून बघितलं असेल असं आता वाटत नाही.

दुसरा दिवस पाइपची वाट बघण्यात गेला. कोणीतरी सुचवलं की एसीवाल्याकडचा तांब्याचा पाइप लावा, लगेच मिळेल, वाकतोही छान. तुम्ही नाही म्हणालात, ते तांबं गाडीच्या थरथरीनं कडक होतं आणि एक दिवस तडकतं, ब्रेकला ब्रेकचाच पाइप. मग तो कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं आला दुपारी. तेवढ्यात तुम्ही चाकांपाशी ऑइल नेणारे रबरी होज दाखवलेत, वरून ठीक दिसणारे, पण वाकवल्यावर भेगा उघडल्या. आतून फुगलेला होज कसा त्रास देतो ते तेव्हा कळलं, ऑइल जोरानं चाकाकडं जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि गाडी एका अंगाला ओढते. आमची ओढायचीच, मी समजत होते अलाइनमेंट. तिन्ही बदललेत, जुने नट काढताना साधा पाना न लावता तो फटीचा पाना लावलात, नटाला पाचही बाजूंनी धरतो तो, तरी एक गंजून गोल झालाच, तिथं तुमच्या तोंडून जे निघालं ते पोरानं शाळेत म्हणून दाखवलंय, असो.

फ्लेअर मारायचं, म्हणजे पाइपचं टोक फुलवायचं टूल तुम्ही फडक्यात गुंडाळून आतून आणलंत. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी गॅरेजच्या माळ्याला लागलं होतं, वेल्डिंग मशीन गेलं, कॉम्प्रेसर गेला, आणि हा डबा पंधरा दिवसांनी चिखलात सापडला, एक-एक भाग डिझेलमध्ये धुऊन वाचवलात म्हणालात. त्याच टूलवर आधी पाइपच्या तुकड्यावर दोन नमुने काढलेत, मग खऱ्या पाइपवर. करवतीनं न कापता कटर फिरवून कापायचं, तोंडाची धार काढायची, फुंकर मारून कीस उडवायचा, आणि सगळ्यात आधी नट आत घालायचा. पहिल्यांदा कडा आत दुमडली, मग वरून शंकू दाबल्यावर ती दुहेरी होऊन फुलासारखी बसली, तुम्ही ती उन्हात धरून भोवती फिरवून बघितलीत, कुठं चीर दिसते का म्हणून. शेवटच्या टोकाचं काम पोराला दिलंत आणि तो नट घालायलाच विसरला. तुम्ही बघत होतात, मला आता खात्री आहे, मुद्दाम बोलला नाहीत. चांगलं झालेलं फ्लेअर कापून टाकायला लागलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण त्यानंतर तो घरात कुठलंही काम करताना आधी "नट घातला का" असं स्वतःलाच विचारतो.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. मला सीटवर बसवलंत आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलात. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालात मास्टर सिलिंडर जुना आहे, पेडल कधी पार तळाला जात नाही म्हणून आत पुढच्या भागात गंज-घाण बसलेली असते, आज तुम्ही तळापर्यंत तुडवलंत तर आतलं रबर तिच्यावर घासून फाटेल, आणि उद्या परत याल. हे मी कुठंच ऐकलं नव्हतं. सुरुवात डाव्या मागच्या चाकापासून, तेच सगळ्यात लांब. तुम्ही खालून ओरडायचात "दाबा... धरा... सोडा", मी दाबत होते, धरत होते, सोडत होते, चार चाकं, पिंडरीत गोळा आला. पारदर्शक नळीतून बाटलीत आधी कोऱ्या चहासारखं आलं, मग बुडबुडे, मग हळूहळू स्वच्छ, लिंबू सरबतासारखं. तो काळा चहा किती वर्षांचा होता देव जाणे. मी नंतर वाचलं की हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, डॉट फोर प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही आणि पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं, म्हणजे घाटात ड्रम तापले की नळीत वाफ, आणि वाफ दाबली की नुसती दबते, चाकापर्यंत काही पोचत नाही. आता दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

रात्री इंजिन चालू ठेवून मला जोरात पेडल धरून ठेवायला सांगितलंत, एक मिनिट, आणि स्वतः खाली जाऊन प्रत्येक जॉइंटला टिश्यू लावून बघितलात. नंतर प्रत्येक जॉइंटच्या खाली वर्तमानपत्राचा कागद. आम्ही गाडीतच झोपलो. चाचींनी तांदळाच्या भाकरी आणि कोलंबीचं कालवण पाठवलं, ते मी तुमच्यावरच्या रागाच्या भरात थोडंच खाल्लं, आणि मग पोरगा झोपल्यावर उरलेलं सगळं खाल्लं. सकाळी कागद कोरडे होते.

किल्ली तुम्ही तेव्हा दिलीत. मजुरी सांगितलीत १८००. दोन दिवसांची. मी त्यातही "सामानाचं वेगळं का?" विचारलं, आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

सिंकचं पाणी आता पाइपनं मागं नेलंय, बंपरच्या खाली कॅनमध्ये पडतं. वायरला स्वतंत्र क्लिपा मारल्या. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याचा पाइप घेऊन मीच खालून धुते, आणि महिन्यातून एकदा तुमच्यासारखा आरसा घेऊन आडवी होते, शेजारच्या काकू विचारतात काय हरवलं. ऑगस्टमध्ये कुंभार्ली परत उतरलो, भर पावसात, सेकंडमध्येच, आणि पेडल पहिल्या दोन बोटांत. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्याच, पण ती सवय आहे.

त्या दिवशी तुमचं गॅरेज बंद होतं, म्हणून भेट झाली नाही. पन्नास किलोमीटरवर जॉइंट तपासायला म्हणून तुम्ही दिलेला अकराचा फटीचा पाना अजून माझ्याकडंच आहे, एकही जॉइंट ओला निघाला नाही त्यामुळे तो वापरलाच नाही, तुमच्याच फडक्यात गुंडाळून ड्रायव्हर सीटखाली ठेवलाय. दिवाळीनंतर भाचीचं लग्न आहे गुहागरला. आदल्या दिवशी येते, पाना आणते, सासूबाई दोन किलो भडंग देणार आहेत चाचींसाठी. फणसाखालची जागा तेवढी रिकामी ठेवा.

तुमची,
सांगलीची ताई